फिलमोर ईस्टचा ‘स्टेट्सबरो ब्लूज’: ड्वेन ऑलमनची स्लाइड कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन ब्लूज-रॉक बँडच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’ या लाइव्ह अल्बमवरचा ‘स्टेट्सबरो ब्लूज’ बसवायचा आहे. हाताशी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार, ०.००९ चा तारांचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच), पितळी स्लाइड (बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी) आणि नेहमीचं ट्यूनिंग. सूर सापडतात, पण सगळं मिळून खडखडाट आणि गोंगाट होतो. रेकॉर्डवर इतकं स्वच्छ कसं वाजतं, आणि त्यासाठी ॲम्प बदलावा का?

ॲम्प बदलू नका. गोंगाट ज्या तारा तुम्ही वाजवत नाही त्यांच्यातून येतोय. या रेकॉर्डवर एक तार ऐकू येते तेव्हा उरलेल्या पाच तारा कुठलं ना कुठलं बोट टेकवून गप्प केलेल्या असतात. ते काम दोन्ही हात मिळून करतात, आणि स्लाइडची निम्म्याहून जास्त मेहनत तिथेच जाते. बाकी ट्यूनिंग, तारा, स्लाइड, गिटारची सेटिंग यांत बदल करावे लागतील, पण त्यात फार खर्च नाही.

आधी गाण्याबद्दल थोडं, कारण ते कुठून आलं हे कळलं की त्यात काय ऐकायचं तेही कळतं. मूळ गाणं जॉर्जियाच्या ब्लाइंड विली मॅकटेलचं. १९२८ मध्ये त्याने अटलांटात बारा तारांच्या गिटारवर एकट्याने ते रेकॉर्ड केलं. स्टेट्सबरो हे जॉर्जियातलंच गाव. आज आपल्या कानात बसलेला ठसका मात्र १९६८ चा आहे: ताज महाल या गायकाच्या पहिल्या अल्बमवर जेसी एड डेव्हिसने या गाण्यात स्लाइड वाजवली. ग्रेग ऑलमन सांगत असे की, भाऊ ड्वेन आजारी असताना त्याच्या वाढदिवसाला ग्रेगने दारात दोन वस्तू ठेवल्या, हा अल्बम आणि सर्दीवरच्या कोरिसिडिन गोळ्यांची बाटली. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, लेबल धुतलं आणि बाटली बोटात घालून डेव्हिसची स्लाइड काढायला बसला.

बँड मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला जमला. ड्वेन आणि डिकी बेट्स गिटारवर, ग्रेग गायन आणि हॅमंड ऑर्गनवर, बेरी ओकली बेसवर, आणि बुच ट्रक्स व जेमो असे दोन ड्रमर. पहिल्या दोन स्टुडिओ अल्बमची विक्री बेताचीच झाली. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बिल ग्रॅहमच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात ते वाजवायला उभे राहिले तेव्हा जाहिरातीत वरचं नाव जॉनी विंटरचं होतं. निर्माता टॉम डाउडने हे कार्यक्रम १६ ट्रॅकवर टिपले आणि जुलैमध्ये डबल अल्बम आला. त्याची सुरुवातच या गाण्याने होते, आणि ज्या बँडला स्टुडिओत सूर सापडत नव्हता तो इथे चार मिनिटांत उभा राहतो. ऑक्टोबरमध्ये अल्बमला गोल्ड मिळालं. २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्ये मोटरसायकल अपघातात ड्वेन गेला, वय २४.

आता ट्यूनिंग. नेहमीच्या ट्यूनिंगमध्येही स्लाइड वाजते, ड्वेनने स्वतः ‘ड्रीम्स’सारख्या गाण्यात तशी वाजवली आहे, पण हे गाणं ओपन ई मध्ये आहे, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई मेजर कॉर्ड वाजते. जाड तारेकडून बारीक तारेकडे: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली तार आहे तशीच राहते. पाचवी ए वरून बी, चौथी डी वरून ई आणि तिसरी जी वरून जी शार्प. तीनही वर चढतात. पाचवी आणि चौथी पूर्ण स्वराने चढल्यामुळे त्यांच्यावरचा ताण साधारण २६ टक्क्यांनी वाढतो, तिसरीवरचा १२ टक्क्यांनी. एक तार चढवली की मानेवरचा भार बदलतो आणि आधी लावलेल्या तारा थोड्या उतरतात, म्हणून पाचवी, चौथी, तिसरी असा फेरा एकदा करून थांबू नका, सहाही तारा दोन-तीनदा तपासा. जुन्या, गंजलेल्या तारांवर हा प्रयोग करू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत तारा फार लवकर खराब होतात, आणि चढवताना तुटणारी तार बहुतेक वेळा आधीच गंजलेली असते.

स्ट्रॅटवर इथे खास अडचण येते. ट्रेमोलोचा (दांडीने सूर हलवायची सोय असलेला) ब्रिज स्प्रिंगांच्या जोरावर तरंगत असेल तर ताण वाढताच तो पुढे झुकतो, ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बदलते, आणि तुम्ही एक तार लावताय तोवर बाकीच्या पाच उतरतात. मागची पत्र्याची प्लेट काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आत घ्या, ब्रिज गिटारच्या अंगाला टेकेपर्यंत. पाच स्प्रिंग लावायची सोय असते, तीनच लावलेल्या असतील तर आणखी दोन घाला. एवढ्यानेही ब्रिज उचलला गेला तर ट्रेमोलोचा धातूचा ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये नेमक्या मापाची लाकडी चीप घट्ट बसवा.

०.००९ च्या तारा काढाच. इतक्या बारीक तारेला स्लाइडचा भार पेलत नाही, ती खाली दबते आणि स्लाइड फ्रेटच्या धातूवर आपटते. तुमच्या खडखडाटाचं हे एक कारण. पितळी स्लाइड जड असते, म्हणून तो आणखी वाढतो. ०.०१० ते ०.०४६ चा सेट हा किमान, ०.०११ चा बरा. ०.०११ चा सेट ओपन ई मध्ये चढवून ठेवणार असाल तर मान पुढे वाकेल. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा, पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. त्याहून जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि फिरवल्यावर गिटार काही तास तशीच राहू द्या.

ॲक्शन बाराव्या फ्रेटवर मोजा. बोटांनी वाजवायच्या गिटारला दीड-पावणेदोन मिलिमीटर छान वाटतात, स्लाइडला ते अपुरे पडतात. बारीक ई ला २ ते २.३ आणि जाड ई ला २.५ च्या आसपास ठेवा. यापेक्षा खूप उंच केलं की स्लाइड सोपी होते, पण त्याच गिटारवर बोटांनी काही वाजवता येत नाही, आणि तार खाली ढकलली गेल्यावर सूर जास्त चढतो. दुसरी स्वस्तातली गिटार घेऊन ती कायम ओपन ई मध्ये ठेवता आली तर सगळ्यात उत्तम.

स्लाइड काचेची घ्या. मूळ औषधाची बाटली आता जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळते आणि महाग मिळते. त्या घाटाच्या, एका बाजूने बंद असलेल्या काचेच्या बाटल्या डनलॉपसारख्या कंपन्या बनवतात, त्यांनी काम भागतं. लांबी साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे सहाही तारा झाकल्या जातील. भिंत जाड हवी, कारण पातळ काचेचा सूर पटकन विझतो. बोटाच्या मधल्या पेराच्या सांध्यापलीकडे जाऊन बसली पाहिजे आणि हात हलवल्यावर गरगर फिरता कामा नये. सैल असेल तर आतून कापडी चिकटपट्टीचा एक थर द्या. बंद बाटलीत घाम साचतो आणि ती निसटते, त्यावर उपाय एकच, दर काही मिनिटांनी बोट आणि बाटली पुसणं.

बाटली अनामिकेत घाला, ड्वेनप्रमाणे. करंगळीत घातली की तीन बोटं कॉर्ड धरायला मोकळी राहतात, आणि अनेक उत्तम वादक तसंच करतात. पण अनामिका जास्त स्थिर असते, तिच्यामागे तर्जनी आणि मधलं बोट अशी दोन बोटं तारा गप्प करायला उरतात, आणि या गाण्यात स्लाइड वाजवताना बोटाने कॉर्ड धरायची वेळ येत नाही.

आता मूळ मुद्दा. गाणं डी मध्ये आहे आणि गिटार ई मध्ये लागलेली. सा म्हणजे डी धरा. दहाव्या फ्रेटवर स्लाइड सरळ ठेवली की सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत क्रम मिळतो: सा, प, सा, ग, प, सा. पूर्ण मेजर कॉर्ड, एका रेषेत. पण मोकळ्या तारांचं काय? मोकळी ई म्हणजे रे, मोकळी बी म्हणजे शुद्ध ध, आणि मोकळी तिसरी तार, जी शार्प, म्हणजे तीव्र मध्यम. डी च्या ब्लूजमध्ये तीव्र मध्यम सतत मागे घुमत राहिला तर काय होईल ते सांगायला नको. ओपन ई मध्ये ई चं गाणं वाजवताना सुटलेली तार निदान कॉर्डमधली तरी असते, चूक खपून जाते. इथे सुटलेली प्रत्येक तार परकी आहे. म्हणूनच हे गाणं शिकवणारं आहे, आणि म्हणूनच इतरत्र बरं वाजवणाऱ्यांचंही इथे बिनसतं.

तारांचा ताण झेपत नसेल, उदाहरणार्थ अकूस्टिक गिटारवर, तर ओपन डी लावता येतं: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. मग पुढे दिलेल्या प्रत्येक फ्रेटमध्ये दोन मिळवा, सा बाराव्यावर येईल. पण हात स्वच्छ करायचा असेल तर इलेक्ट्रिकवर ओपन ई मध्येच करा, कारण ओपन डी मध्ये मोकळ्या तारा पुन्हा तुमच्या चुका झाकायला लागतात.

दहाव्या फ्रेटच्या आसपासचा नकाशा पाठ करा. पहिली तार: ८ वर कोमल नि, १० वर सा, १२ वर रे, १३ वर कोमल ग, १५ वर म, १७ वर प, २२ वर वरच्या सप्तकातला सा. दुसरी तार: ८ वर म, १० वर प, १२ वर शुद्ध ध, १३ वर कोमल नि. तिसरी तार: ९ वर कोमल ग, १० वर शुद्ध ग. चौथी तार: ८ वर कोमल नि, १० वर सा. या गाण्यातल्या स्लाइडचा बराच भाग या चार तारांच्या आठ ते तेरा या पट्ट्यात मावतो. उरलेला वरच्या सप्तकात जातो, तो नंतर.

तिसऱ्या तारेवर नवव्या आणि दहाव्या फ्रेटच्या मधली जागा ही सगळ्या गाण्याची चव आहे. ब्लूजचा गंधार कोमलही नसतो, शुद्धही नसतो. नवव्यापासून निघून दहाव्याच्या थोडं अलीकडे थांबायचं, किंवा कॉर्डच्या गरजेप्रमाणे दहाव्याला पोचायचं. ज्यांचा कान रागसंगीतात तयार झाला आहे त्यांना ही जागा ऐकू लगेच येते, हाताला वेळ लागतो. आणि इथे एक नियम काटेकोर पाळा: बँड चौथ्या कॉर्डवर, म्हणजे जी सेव्हनवर गेला की शुद्ध गंधार सोडून द्या. जी सेव्हनमध्ये एफ, म्हणजे कोमल ग, कॉर्डचाच स्वर आहे. तिथे तिसऱ्या तारेचा दहावा फ्रेट वाजवला की तो बाकी बँडशी भांडतो. बारा बारच्या (चार मात्रांचा एक बार) आवर्तनात पाचव्या बारमध्ये वाजवणं कसंतरीच वाटत असेल तर ते यामुळे. नवव्यावर थांबा, किंवा सरळ पंधराव्या फ्रेटवर जा, तिथे अख्खी जी कॉर्ड एका रेषेत मिळते. ए सेव्हन आली की सतरावा फ्रेट, नाहीतर दुसऱ्या तारेचा दहावा आणि चौदावा, आणि पहिलीचा बारावा.

सूर जागेवर मिळतात असं तुम्ही लिहिलं आहे, तरी एकदा ट्यूनर लावून खात्री करा. बोटाने वाजवताना आपण फ्रेटच्या अलीकडे दाबतो. स्लाइड फ्रेटच्या धातूच्या बरोबर वर हवी, अलीकडे राहिली की सूर उतरलेला. स्ट्रॅटसारख्या ६४८ मिलिमीटर स्केलच्या गिटारवर नवव्या आणि दहाव्या फ्रेटमध्ये सुमारे साडेएकवीस मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे एक मिलिमीटरची चूक साडेचार सेंटच्या (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) आसपास. हे कान माफ करतो. एकविसाव्या आणि बाविसाव्यामध्ये मात्र पावणेअकरा मिलिमीटरच उरतात, तीच एक मिलिमीटरची चूक नऊ सेंटच्या पुढे जाते. वर गेल्यावर बेसूर का वाटतं याचं उत्तर या आकड्यात आहे: हात तितकाच अचूक आहे, जागा निम्मी झाली आहे. शिवाय आपण गिटारकडे वरून, तिरकं बघतो, त्यामुळे गोल बाटलीची जी कड दिसते ती तारेला टेकलेली रेषा नसते. आरशासमोर बसून एकदा समोरून बघा, मग डोळा किती फसतोय ते कळेल.

दाब किती? तारेला टेकेल इतकाच. तार फ्रेटला लागता कामा नये. खट्ट असा आवाज आला तर दाब जास्त, सूर भुरभुरला किंवा सळसळला तर कमी. बाटली फ्रेटला समांतर ठेवा, आणि एकट्या पहिल्या तारेवर वाजवायचं असेल तर टोक किंचित उचलून फक्त पहिली-दुसरी तारच टेकवा, सगळ्या तारांवर झोपवू नका.

आता तारा गप्प करणं, सावकाश.

डावा हात. बाटलीच्या मागे, म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात ती पट्टी) बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट आडवी, सैल, तारांवर टेकलेली. दाबायची नाहीत. त्यांचं काम बाटली आणि नट यांच्यामधला तारेचा तुकडा थांबवणं. हा तुकडाही वाजत असतो, त्याचा सूर भलताच असतो, आणि तो किणकिणत राहतो. स्लाइड सरकली की ही दोन बोटं तिच्याबरोबर सरकतात. नवशिके वादक उत्साहात ती हवेत उचलतात, आणि गोंगाटाचा मोठा वाटा तिथून येतो.

उजवा हात. पिक (तार छेडायची चपटी चकती) बाजूला ठेवा. ड्वेन स्लाइड वाजवताना अंगठा आणि बोटांनी वाजवायचा, आणि याचं कारण आवाजाच्या गोडव्याहून जास्त हे आहे की पिक धरलेली दोन बोटं तारा गप्प करायला उपयोगी पडत नाहीत. सुरुवातीला वाटणी अशी ठेवा: मधलं बोट पहिल्या तारेवर, तर्जनी दुसरीवर, अंगठा तिसरीवर, आणि अंगठ्याची कड चौथी-पाचवी-सहावीवर पडलेली. बोटं तारांवर टेकलेली असणं ही नेहमीची स्थिती. वाजवायचं म्हणजे एक बोट क्षणभर उठतं, आणि सूर संपला की परत तिथेच बसतं. चौथी तार वाजवायची वेळ आली की पूर्ण हात जाड तारांकडे एक तार सरकतो: अंगठा चौथीवर, तर्जनी तिसरीवर, मधलं दुसरीवर, अनामिका पहिलीवर.

पहिलीवरून दुसऱ्या तारेवर जाताना खरी कसोटी लागते. मधलं बोट पहिल्या तारेवर आधी परत बसलं पाहिजे, तर्जनीने दुसरी त्यानंतर. दोन्ही क्रिया जवळजवळ एकाच क्षणी होतात, पण क्रम हाच. उलट झालं की दोन सूर एकमेकांवर चढतात आणि स्लाइडचा गाण्यासारखा एकसंध आवाज फुटतो.

तपासायची सोपी पद्धत: एक सूर वाजवा, दोन सेकंद धरा, आणि फक्त ती तार थांबवा. त्यानंतर जे काही घुमत राहील ते तुमच्या चुकीचं मोजमाप. पूर्ण शांतता यायला हवी. ॲम्प थोडा मोठा ठेवून करा, कारण हळू आवाजात सगळंच स्वच्छ वाटतं. रोज दहा मिनिटं फक्त हेच, सूर कुठलाही चालेल. दोन-तीन आठवड्यांत हात न सांगता बसायला लागतो.

सरावासाठी दोन बारचा हा तुकडा घ्या. रेकॉर्डवरचा नाही, पण त्याच धाटणीचा आहे. पहिल्या बारमध्ये पहिल्या तारेवर ८ वरून १० ला मींड घेऊन सा, दोन मात्रा धरा. तिसऱ्या मात्रेला १३ वर कोमल ग, किंचित चढा. चौथ्या मात्रेला परत १० वर सा, आणि लगेच दुसऱ्या तारेवर १० ला प. दुसऱ्या बारमध्ये दुसऱ्या तारेवर ८ ला म, एक मात्रा. मग तिसऱ्या तारेवर ९ वरून १० कडे गंधाराची मींड, एक मात्रा. शेवटी चौथ्या तारेवर १० ला सा, उरलेल्या दोन मात्रा. यात चारही तारांचे बदल येतात. मेट्रोनोम ७० वर लावा. १३ वर जाताना बाटली नेमकी बाराव्याच्या जागी घसरून थांबणं ही ठरलेली चूक, तिथे डोळा ठेवा.

मींडबद्दल एक सावधगिरी, विशेषतः आपल्याकडच्या वाचकांसाठी. स्लाइड हातात आली की प्रत्येक सुराला खालून घसरत जावंसं वाटतं. ऑलमन तसं करत नाही. नीट ऐका: बरेचसे सूर तो थेट जागेवर ठेवतो, स्लाइड आधी पोचलेली असते आणि मग तार छेडली जाते. दोन सुरांमधला प्रवास ऐकू येऊ द्यायचा की नाही हे उजव्या हाताचं बोट ठरवतं. मधल्या वेळात तार गप्प केली की प्रवास नाहीसा होतो. याचाच सराव वेगळा करा, १० आणि १३ एकदा मींड घेऊन, एकदा तोडून. दोन्ही तितकेच सहज यायला हवेत. डेरेक ट्रक्स, बँडचा ड्रमर बुच ट्रक्सचा पुतण्या, १९९९ मध्ये याच बँडमध्ये आला. तोही ओपन ई मध्ये आणि पिकशिवाय वाजवतो, आणि उस्ताद अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदाचा त्याच्यावर उघड प्रभाव आहे. त्याच्या वादनात लांब मींड जास्त सापडते. दोघांना एकापाठोपाठ ऐकलं की ड्वेनचं तोडून वाजवणं किती जाणीवपूर्वक आहे ते लक्षात येतं.

व्हायब्रेटो उशिरा सुरू करा. सूर आधी स्थिर होऊ द्या, निदान अर्धी मात्रा, मग मनगटातून बाटली तारेला समांतर पुढेमागे हलवा. फ्रेटच्या दोन्ही बाजूंना सारखी, दहाव्यावर तीन-चार मिलिमीटर पुरे. सूर लागताक्षणी थरथर सुरू केली की ती सूर शोधतानाची धडपड वाटते, आणि बहुतेक वेळा ती खरोखर तीच असते.

लय शफल आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो, आपल्या भाषेत तिस्र. वेग साधारण १२५ ते १३० च्या घरात. दोन ड्रमर असूनही ती जड होत नाही, पण त्या लयीची एक ढकल आहे, आणि तिच्या पुढे पळण्याचा मोह होतो. आधी स्लाइड बाजूला ठेवा आणि पूर्ण गाणं नुसता डी, जी, ए चा ऱ्हिदम वाजवत बँडबरोबर राहा. बारा बार संपतात कुठे हे मोजायची गरज उरली नाही की मगच स्लाइड हातात घ्या.

रेकॉर्ड हेडफोनवर ऐका. दोन्ही गिटारी मिक्समध्ये वेगवेगळ्या बाजूंना ठेवल्या आहेत, त्यामुळे एक कान बंद केला की ड्वेन जवळजवळ एकटा मिळतो. ग्रेग गात असताना स्लाइड काय करते ते आधी लिहून काढा, सोलो नंतर. गायनाच्या दोन ओळींमधल्या फटीत ती उत्तर देते आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होते. सोलो बसवणारे अनेक जण भेटतात. या फटी नेमक्या भरणारे कमी, आणि बँडमध्ये वाजवताना ऐकणाऱ्याला फरक इथेच कळतो. पुढे डिकी बेट्सचा सोलो येतो, तो बोटांनी वाजवलेला, स्लाइडशिवायचा. तो चालू असताना ड्वेन मागे काय वाजवतो तेही ऐका.

आता ॲम्प, शेवटी, कारण त्याचा क्रम शेवटचाच आहे. ड्वेनकडे हंबकर (दोन वेटोळ्यांच्या) पिकअपची गिब्सन आणि ५० वॅटचे मार्शल होते, मोठ्या आवाजात उघडलेले. रेकॉर्डवरच्या आवाजाला जी फूट (डिस्टॉर्शन) आहे ती ट्यूब ॲम्प जोरात चालवल्याची आहे, गेनचं बटण चढवल्याची नाही. घरी पाच ते पंधरा वॅटचा ट्यूब ॲम्प किंवा चांगला मॉडेलर (ट्यूब ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा) पुरतो. दहापैकी गेन ४, बास ४, मिडल ७, ट्रेबल ५ इथून सुरुवात करा. ब्रिजचा पिकअप, गिटारचा टोन ६ किंवा ७ वर. सिंगल कॉइल असेल तर ट्रेबल आणखी एक पायरी कमी. गेन वाढवला की सूर लांबतो हे खरं, पण सुटलेल्या तारांचा आवाजही त्याच प्रमाणात वर येतो, म्हणून हात स्वच्छ होईपर्यंत गेन ४ च्या पुढे नेऊ नका. कॉम्प्रेसर पेडलचंही तसंच आहे. रिव्हर्ब अगदी थोडा.

हे बसलं की त्याच अल्बमवरचं दुसरं गाणं घ्या, एल्मोर जेम्सचं ‘डन समबडी राँग’. त्यातही ड्वेनची स्लाइडच आहे, म्हणजे ट्यूनिंग बदलावं लागत नाही, आणि तिथे याच आकृत्या वेगळ्या फ्रेटवर लावाव्या लागतात. तिसरं गाणं, ‘स्टॉर्मी मंडे’, स्लाइडशिवाय वाजवलेलं आहे. त्यासाठी गिटार नेहमीच्या ट्यूनिंगवर आणताना तारा आधी गरजेपेक्षा थोड्या खाली उतरवून मग वर चढवत लावा, म्हणजे लावलेला सूर टिकतो.